गोळी कुणी लिहायची?



एडीएचडी या अवधान आणि अतिचंचलतेच्या विकारावरची औषधं मनोविकारतज्ज्ञांनीच लिहावीत, असं मागील अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं. अमेरिकेतला अनुभव त्यांना फारशी साथ देत नाही.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 च्या मार्गदर्शिकेत 4 ते 18 वर्षांच्या मुलांचं निदान आणि उपचार नेहमीच्या डॉक्टरांकडेच ठेवले आहेत. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर तज्ज्ञ.

खरी मेख देखरेखीत आहे. एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात 579 मुलं होती. बाहेर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मुलं गोळ्या घेतच होती. तरी अभ्यासातल्या डॉक्टरांकडे औषध घेणारी मुलं जास्त सुधारली. तिथे दरमहा भेट होई, शिक्षकांना विचारून मात्रा बदलली जाई. बाहेर वर्षातून एकदोनदा धावती तपासणी. (आता वजन, उंची, रक्तदाब मोजायला मनोविकारतज्ज्ञच कशाला हवा?)

देखरेख सुटली की काय होतं? ‘डन’ या ऑनलाइन उपचार देणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या संस्थापिकेला जून 2024 मध्ये अटक झाली. अ‍ॅडरॉल हे एडीएचडीवरचं औषध बेकायदा पुरवल्याचा आरोप तर होताच. शिवाय पुढच्या तपासण्या होऊ नयेत अशीच कंपनीची व्यवस्था होती, असंही सरकारी वकिलांचं म्हणणं होतं.