हंड्याचा हिशेब कोण मांडणार?

कुरनूर धरणाच्या एकाच साठ्यावर अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी ही तिन्ही गावं आणि बोरीकाठची शेती अवलंबून आहे. मैंदर्गीत काम करताना मी पाहते, नळाची पाळी लांबली की हंड्यांची तजवीज बाईच करते. वाटपाच्या बैठकीत मात्र ती नसते. २००५चा सिंचन कायदा पाणीवापर संस्थेचं सभासदत्व जमीनधारकाला देतो. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई तिथेच गळते. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीवर नव्हे, माणशी वाटलं. भूमिहीनांनाही हक्क दिला. मैत्रिणींनो, गाव विरुद्ध गाव, शेत विरुद्ध हंडा या भांडणात आपण पडायचं नाही. साठ्याचा हिशेब तिन्ही गावांतल्या बायकांसमोर मांडा, ही मागणी आपण एकजुटीने लावून धरू या.