बोलीपूर्वी नाव ठरवावे

पेढीला टेम्पो हवा असला की आता अनेक व्यापारी ऑनलाइन लिलावाकडे वळतात. किंमत किती उतरेल याची चर्चा घरोघर रंगते. बोली लावण्यास कोण पात्र आहे, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

लिलाव एकाच जातीचे नसतात. थकीत कर्जापोटी ताब्यात घेतलेली वाहने बँका व वित्तकंपन्या विकतात. तेथे बहुधा कोणत्याही सज्ञान व्यक्तीस वा संस्थेस भाग घेता येतो. काही ठिकाणी केवळ नोंदणीकृत वाहनविक्रेत्यांनाच प्रवेश असतो. सरकारी खात्यांची अनेक वाहने एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत विकली जातात. परंतु 15 वर्षे पूर्ण झालेली सरकारी वाहने, काही विशेष अपवाद वगळता, 2023 पासून नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच जातात. सामान्य खरेदीदाराने तेथे आशा धरू नये.

करार अधिनियम, 1872 च्या कलम 11 नुसार अज्ञान व्यक्तीस करार करता येत नाही. घरातील मुलगा संगणकात कितीही तरबेज असो, वडिलांच्या खात्यावरून त्याने लावलेली बोली वडिलांच्या माथी येऊ शकते.

खरी गुंतागुंत नावाची असते. पोर्टलवर ज्याच्या पॅनवर नोंदणी, त्याच्याच नावे विक्रीपत्र निघते. पैसे पेढीचे आणि नाव थोरल्या भावाचे, असे झाले की वाहन कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. भागीदारी अधिनियम, 1932 चे कलम 14 पेढीच्या पैशातून घेतलेली मालमत्ता सामान्यतः पेढीचीच मानते. पण वाटणीच्या वेळी ते वह्यांवरून सिद्ध करावे लागते. म्हणून भागीदारी पेढीने पेढीच्या पॅनवर, भागीदारांच्या अधिकारपत्रासह नोंदणी करावी; कंपनीने संचालक मंडळाचा ठराव जोडावा.

अनामत भरण्यापूर्वी अटी वाचाव्यात. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते. बोली मंजूर झाल्यावर मुदतीत रक्कम न भरल्यास अनामत जप्त होऊ शकते. वाहन प्रत्यक्ष पाहावे. थकीत कर, दंड व तारणबोजा परिवहन विभागाच्या पोर्टलवर तपासावा.

वाहन ताब्यात आल्यावरही काम संपत नाही. सरकारी लिलावातील वाहनासाठी 30 दिवसांत नमुना 32 मध्ये अर्ज करावा लागतो. बँकेकडून घेतलेल्या वाहनासाठी बोजा उतरल्याचा नमुना 35 आणि हस्तांतरणाचे नमुने 29 व 30 लागतात. मूळ कर्जदार सही देत नसल्यास बँकेला नमुना 36 द्वारे नोंदणी प्रथम स्वतःच्या नावे करून घेता येते. हस्तांतरणापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडेही अर्ज करावा.

स्वस्त मिळालेले वाहन कागदांअभावी दारात उभे राहिले, तर ती बचत नव्हे. भावांनी बोलीचा आकडा ठरवण्यास बसावे, तेव्हा नाव आधी ठरवावे आणि आकडा नंतर.