गोळ्या सहा महिने कशासाठी?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एडवणच्या माझ्या दवाखान्यात पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. त्यांचे सारे आयुष्य पानवेलीच्या वाडीत गेलेले. सोबत सूनबाई होत्या. फुप्फुसाच्या क्षयावर त्यांचे उपचार सुरू झाले होते. पण अडीच महिन्यांनी त्यांनी गोळ्या आपणहून थांबवल्या आणि आता खोकला परतला होता. त्यांच्या परवानगीने ही हकीकत सांगत आहे; नाव अर्थातच देत नाही.

मी विचारले, "काका, गोळ्या का सोडल्या?" ते म्हणाले, "डॉक्टर, खोकला गेला, भूक लागू लागली, वजन वाढलं. बरं झाल्यावर औषध कोण घेतं? आणि जगात एवढं संशोधन चालतं म्हणता, मग आठ दिवसांत क्षय बरा करणारी गोळी का निघत नाही?"

प्रश्न रास्त होता. खरे तर त्याचे उत्तर मी आधीच द्यायला हवे होते. दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत त्यांच्या बेडक्यात जंतू आढळले नव्हते. तेव्हा "छान झाले" एवढेच म्हणून मी त्यांना निरोप दिला होता. अजून चार महिने उरले आहेत आणि ते का उरले आहेत, हे सांगायचे राहून गेले. ती चूक माझी. म्हणून ते उत्तर आज सर्वांसाठी लिहितो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी जगापुढे मांडला. हा जंतू विलक्षण संथ आहे. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे 20 तास लागतात. त्याच्याभोवती मेणासारख्या स्निग्ध द्रव्यांचे जाड आवरण असते. शिवाय आपल्या शरीरातील ज्या भक्षकपेशी जंतूंना गिळून नष्ट करतात, त्यांच्याच पोटात तो मुक्काम ठोकतो. तिथे अन्न कमी, आम्ल अधिक, परिस्थिती प्रतिकूल. तरीही तो तग धरतो. हे त्याला कसे साधते, या प्रश्नाचा माग काढणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, डॉ. शेखर मांडे यांचे.

मांडे मूळचे नागपूरचे. नागपूर विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून ते जीवशास्त्राकडे वळले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे ते संचालक होते आणि 2018 ते 2022 या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. त्याआधी हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रात असताना त्यांनी क्षयाच्या जंतूतील प्रथिनांच्या रचनेवर काम केले. 2005 मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

प्रथिनाची रचना म्हणजे काय, हे पानवेलीच्या गावात समजावणे सोपे आहे. पान, चुना, कात, सुपारी सारे आहे. पण घडी चुकली तर विडा सुटतो आणि सारे सांडते. प्रथिनाचेही तसेच. ते एका लांब साखळीच्या रूपात तयार होते आणि योग्य घडी पडली तरच काम करते. पेशीत काही प्रथिनांचे कामच असे असते, की इतर प्रथिनांची घडी नीट पडू द्यायची आणि बिघडू द्यायची नाही. त्यांना चॅपेरोन म्हणतात. उष्णता वाढली, उपासमार झाली, हल्ला झाला, की जंतू ही प्रथिने अधिक प्रमाणात तयार करतो. संकटात टिकून राहण्याचे त्याचे हे एक साधन आहे.

क्षयाच्या जंतूतील अशा एका प्रथिनाची रचना मांडे यांच्या गटाने 2004 मध्ये प्रसिद्ध केली. प्रथिन शुद्ध करायचे, त्याचे स्फटिक वाढवायचे, त्यांतून क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात यावरून अणूंच्या जागा गणिताने ठरवायच्या, अशी ही चिकाटीची पद्धत. ई. कोलायमध्ये या जातीचे प्रथिन 14 घटकांच्या दुहेरी कड्यासारखे असते. क्षयाच्या जंतूच्या प्रथिनाच्या स्फटिकात मात्र दोन-दोन घटकांची जोडीच आढळली. ही गोष्ट अनपेक्षित होती. पुढे इतर संशोधकांना असेही दिसले, की हे प्रथिन जंतूच्या आतच नव्हे, तर त्याच्या बाह्य पृष्ठभागावरही असते आणि भक्षकपेशीला चिकटण्यास जंतूला मदत करते. घडी सांभाळणारे प्रथिनच दाराची कडीही हाताळते, असे म्हणा ना.

यातून आठ दिवसांची गोळी निघाली का? नाही. रचना समजणे ही पहिली पायरी असते. तिथपासून औषधापर्यंतची वाट लांब असते. पण संशोधनाने काहीच दिले नाही, असे मात्र म्हणू नये. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, पूर्वी क्षयाचा उपचार दीड-दोन वर्षे चाले. रिफाम्पिसिन आले, पायराझिनामाइडचा नीट वापर कळला आणि तो काळ सहा महिन्यांवर आला. रुग्णाला घरी ठेवूनही उपचार तितकाच यशस्वी होतो, हे 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवले, म्हणूनच आज आपले आजोबा आरोग्यधामात नव्हे, आपल्या घरात बरे होतात.

आता मूळ प्रश्न. पहिल्या काही आठवड्यांत औषधे वेगाने वाढणाऱ्या जंतूंचा फडशा पाडतात. म्हणून खोकला जातो, भूक लागते. उरतात ते संथ, दडून बसलेले जंतू. बेडक्यात ते दिसत नाहीत आणि रुग्णालाही जाणवत नाहीत. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. मध्येच औषध सोडले, तर तेच पुन्हा वाढतात आणि त्यांच्यावर औषधे निष्प्रभ ठरण्याचा धोका निर्माण होतो.

घरात वृद्ध रुग्ण असेल, तर सांभाळणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला म्हातारपणाचा किंवा विडीचा समजू नये. बेडका तपासून घ्यावा. उपचार सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते. ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नये. पण डोळे पिवळे होणे, सतत मळमळ किंवा उलट्या, अन्नावरची वासना उडणे ही यकृताच्या त्रासाची चिन्हे आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नजर अंधूक झाली वा रंग ओळखण्यात फरक पडला, हातापायांना मुंग्या आल्या, तरी सांगावे. रिफाम्पिसिनमुळे मधुमेहाच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचा प्रभाव कमी होतो. म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. घरातील सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यावी.

आमच्या काकांच्या बेडक्यात जंतू पुन्हा सापडले. सुदैवाने रिफाम्पिसिन अजून त्यांच्यावर चालते, असे तपासणीत दिसले. उपचाराची मोजणी मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. घरात चार वर्षांचा नातू आहे. त्याचीही तपासणी झाली आणि त्याला प्रतिबंधक औषध सुरू करावे लागले. काकांना सर्वांत अधिक लागले ते हेच.

सूनबाईंनी आता दिनदर्शिका स्वयंपाकघरात टांगली आहे. रोज सकाळी गोळ्या घेतल्या, की नातू आजोबांचा हात धरून त्या तारखेवर खूण करायला लावतो. आपल्या घरी कोणी हे औषध घेत असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा आणि किती महिने उरले आहेत, ते मोजा. ते का उरले आहेत, हेही सांगा. मी सांगितले नव्हते.