झाकण उघडले, गोळी घेतली का?

दिवसातून चार वेळा गोळी लिहून देताना आपला हात क्षणभर थांबायला हवा. अमेरिकेत जॉइस क्रेमर आणि सहकाऱ्यांनी फिट्सच्या २६ रुग्णांच्या बाटल्यांना इलेक्ट्रॉनिक झाकणे लावली. बाटली केव्हा उघडली, याची नोंद झाकणातली चिप ठेवी. १९८९ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. दिवसातून एकच गोळी असणाऱ्यांनी ८७ टक्के डोस घेतले होते, चार वेळा असणाऱ्यांनी ३९.

त्यांचाच १९९० चा निष्कर्ष आपल्याला जास्त झोंबणारा आहे. तपासणीच्या आधीच्या पाच दिवसांत ८८ टक्के, नंतरच्या पाच दिवसांत ८६ आणि महिन्याभराने ६७. डॉक्टरांचा चेहरा आठवतो तोवर गोळीही आठवते. म्हणजे तपासणीच्या दिवशी रक्तातली औषधाची पातळी पाहून आपण खूश होतो, ती त्या एका शहाण्या आठवड्याची बातमी असते.

इनहेलरला छुपे यंत्र लावले तेव्हा तर काही जणांनी भेटीच्या तोंडावर तीन तासांत शंभरावर पफ हवेत सोडलेले सापडले. डबा रिकामा दिसला पाहिजे ना! फसवणूक खरी, पण तिच्यामागे आपला धाक आहे, हेही मान्य करू. म्हणून यंत्र लावायचे तर रुग्णाला सांगूनच लावावे.

चीनमध्ये क्षयरुग्णांवरील चाचणीत (२०१५) नुसत्या एसएमएसने फारसे काही साधले नाही. आठवण करून देणाऱ्या डबीने साधले: पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त डोस चुकलेले महिने सुमारे ३० टक्के होते, ते १७ वर आले. मात्र तिथे डबीतली नोंद घेऊन डॉक्टर दर महिन्याला रुग्णाशी बोलत होते. डबी विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

आमच्या दवाखान्यातल्या एका आजींच्या डबीत रोज एकच नोंद दिसे, सकाळी सातची. गोळ्या तीन वेळच्या. केसपेपरवर ‘अनियमित’ असा शेरा मारून झाला होता. विचारल्यावर म्हणाल्या, “अहो, दिवसाच्या सगळ्या सकाळीच काढून वाटीत ठेवते. ते झाकण कोण सारखं उघडणार?” दुपारची राहते का, असे विचारले तेव्हा हसल्या. दुपारची आणि रात्रीची गोळी सकाळी हलवता येण्यासारखी होती. हलवली. वाटी तीच आहे.