हिशेब रयतेने सरकारला द्यावयाचा, की सरकारने रयतेला?

गावातील एखाद्या विधवा बाईने निराधाराच्या पगारासाठी अर्ज केला म्हणजे सरकारचे शंभर डोळे तिच्यावर रोखले जातात. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आण, उत्पन्नाचा दाखला आण, रहिवासाचा दाखला आण, वयाचा पुरावा आण. आणि पगार सुरू झाल्यावर दरसाल कचेरीत येऊन, मी अजून जिवंत आहे, असाही दाखला दे! एवढ्या चौकशीअंती तिच्या पदरात पडतात महिन्याला १५०० रुपये. तेही २०२३ सालापासून. त्याआधी १००० च होते. परंतु ज्या कचेरीतून हा पैसा निघतो, तिने गेल्या साली किती अर्ज धूळ खात ठेवले, किती महिने पैसा अडकवला, कोणत्या गरिबाचे नाव कोणत्या कारणाने कापले, ह्याचा दाखला कोणी कोणापाशी मागतो काय? आम्ही आज हाच प्रश्न आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

संजय गांधी निराधार योजना १९८० साली निघाली. तिची अट अशी की, कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या वर असता कामा नये. म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाही! आता आमच्या वाचकांनी जरा हिशेब करावा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एखाद्या बाईने त्या कामावर ७१ दिवस माती वाहिली, तर तिची कमाई २१,०८७ रुपये झाली. सरकारच्याच कामावर अडीच महिने राबली की सरकारच्याच नियमाने ती सधन ठरली! हे तलाठ्यास ठाऊक, तहसीलदारास ठाऊक, बाईसही ठाऊक. म्हणून कागदावर २१,००० च्या आतला आकडा पडतो आणि सर्वजण मुकाट्याने मान डोलावितात. जो नियम प्रामाणिक माणसाला खोटे बोलल्यावाचून पोट भरू देत नाही, त्याला देखरेख म्हणावयाचे, की खोटेपणाची शाळा म्हणावयाचे? शिवाय ज्या बाईकडून एकदा खोटा आकडा लिहवून घेतला, ती जन्मभर कचेरीच्या मुठीत राहते. उद्या तिने तोंड उघडले, तर तोच कागद तिच्यापुढे नाचवितात.

आता दुसरा देखावा पाहा. २८ जून २०२४ रोजी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिन्याला १५०० रुपये, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. निराधार बाईच्या मर्यादेच्या जवळजवळ बारापट! ऑगस्टात पैसे वाटू लागले, दोन कोटींहून अधिक बहिणी झाल्या, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेची मते पडली. मते पेटीत पडेपर्यंत सरकारचे शंभर डोळे गाढ झोपले होते. ते उघडले २०२५ साली! मग त्या वर्षी सांगण्यात आले की, २६ लाख ३४ हजार नावे अपात्र दिसतात, सबब त्यांचे पैसे जूनपासून थांबविले आहेत. दोन हजारांहून अधिक सरकारी नोकर बायकांनी हा पैसा घेतल्याचे निघाले. बारा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांत बहिणीचा पैसा गेल्याचे निघाले! बहिणींच्या यादीत मिशीवाले भाऊ शिरले, आणि अर्ज तपासणाऱ्या व मंजूर करणाऱ्या एकाही डोळ्याला ती मिशी दिसली नाही काय? ज्यांनी पैसा लाटला त्यांच्याकडून तो वसूल झालाच पाहिजे, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ज्यांनी डोळे मिटून सही केली, त्यांचे काय? पेरणीच्या वेळी बी पारखावयाचे नाही, आणि पीक उभे राहिल्यावर सगळ्या शेतात नांगर घालावयाचा, ह्याला शेतकरी शहाणपण म्हणत नाही.

आणि नांगर फिरला तो कोणावर? सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक बहिणीने ई-केवायसी करावी असा हुकूम निघाला. त्यात बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक घालावयाचा, आणि त्याच्या मोबाइलवर येणारा आकडा सांगावयाचा. जिचा नवरा वारला आणि बापही वारला, तिने तो आकडा कोठून आणावा? स्मशानातून? जिला नवऱ्याने टाकले, तिने त्याच्याच दारी जाऊन भीक मागावी काय? ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरात सरकारने अशा बायकांकरिता वेगळी वाट काढली व मुदतही वाढविली. पण ज्या बायकांचे नाव घेऊन गरिबांच्या योजना निघतात, त्या विधवा व टाकलेल्या बायकाच हुकूम लिहिणाऱ्याला प्रथम आठवल्या नाहीत, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

शेतकऱ्याच्या बायकोची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे व जिला शेतकरी सन्मानाचे केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा असे वर्षाला बारा हजार मिळतात, तिला लाडक्या बहिणीचे १५०० न देता ५०० च द्यावयाचे ठरले. अशा बायका सुमारे पावणेआठ लाख निघाल्या. नियमात तसे लिहिले होते, हे आम्ही कबूल करतो. परंतु शेताच्या बांधावर राबणाऱ्या बाईच्या बाबतीत रुपया-रुपयाची वजाबाकी करणाऱ्या सरकारला बारा हजार पुरुष मात्र मोजता आले नाहीत, हा भेद आमच्या डोळ्यांत खुपतो.

आता खात्याखात्यांच्या खर्चाकडे वळू. मे २०२५ मध्ये लाडक्या बहिणीच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याकडून ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याकडून ३३५ कोटी ७० लाख रुपये वळविण्यात आले. त्यावर सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी दाखविली. सरकारचे म्हणणे असे की, हा पैसा त्याच जातीजमातींच्या बहिणींना दिला आहे, सबब काहीच बिघडले नाही. वाहवा! धाकट्याच्या दुधाची वाटी थोरल्या बहिणीपुढे ठेवावयाची, आणि दूध घरातच राहिले म्हणून सांगावयाचे! वसतिगृहाच्या व शिष्यवृत्तीच्या खात्यातून पैसा निघाला, तर कोणते काम थांबले, किती मुलांची जागा गेली, हे त्या मुलांना व त्यांच्या आईबापांना कोणी सांगितले काय?

लेकरांच्या पैशाची तीच दशा. आईबाप नसलेल्या किंवा एकच पालक उरलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. २०२३ साली ११०० चे २२५० रुपये केले, ते चांगलेच झाले. मुलाला कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन बालकल्याण समितीपुढे जावे लागते, घराची पाहणी होते, तेही आम्हांस मान्य. पण मंजुरीनंतर पैसे महिनोन्महिने थकल्याची ओरड वारंवार झाली आहे. पोराची भूक सहामाहीने लागते काय? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे ठरलेल्या मुदतीत दाखला न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंड आहे. दाखल्याला उशीर झाला तर दंड, मग अनाथाच्या घासाला उशीर झाला तर दंड का नसावा? ज्या माउलीने अनाथ लेकरांना पदराखाली घेतले, तिचे नाव पाटीवर लावून लेकराला उपाशी ठेवणे, ही त्या नावाची विटंबना आहे.

कोणी म्हणतील, हिशेब पाहावयास महालेखापरीक्षक आहेत, विधिमंडळाची लोकलेखा समिती आहे. आहेत, आणि त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु त्यांचा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सभागृहात ठेवतात, मग तो वाचावयास आमदारांस सवड नाही आणि समजून घ्यावयास रयतेस वाट नाही. खरा हिशेब तपासनीस गावातच बसलेला आहे. कोण मेले, कोण जिवंत, कोणाच्या दारात मोटार, कोणाच्या चुलीत लाकूड नाही, हे गावाला ठाऊक असते. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावी मजुरांनी सरकारी कामांचे हजेरीपट चारचौघांत वाचून घेतले, आणि कागदावरचे खोटे उघडे पडले. त्या चळवळीतून पुढे २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा २००२ सालीच केला होता. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात १७ वे कलम घालून ग्रामसभेने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण करावे असे लिहिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही तशीच तरतूद आहे. मजुराच्या हजेरीला व रेशनच्या धान्याला हा नियम लागू करता येतो, तर विधवेच्या पगाराला, अनाथाच्या अनुदानाला आणि खात्याच्या वळविलेल्या पैशाला का येऊ नये?

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक योजनेत गावासाठी किती पैसा आला, किती वाटला, किती थकला आणि कोणत्या कचेरीत थकला, ही यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. नाव कापले तर कारण लेखी द्यावे, आणि बाईचे म्हणणे ऐकल्यावाचून कापू नये. चुकीच्या मंजुरीची जबाबदारी सही करणाऱ्यावरही बसवावी. निराधाराची २१,००० ची लाजिरवाणी मर्यादा रोजगार हमीच्या मजुरीशी बांधून वाढवावी. एका खात्याचा पैसा दुसरीकडे वळवावयाचा असेल, तर ज्यांचा तो हक्क आहे त्यांना आधी विचारावे.

बंधुभगिनींनो, हा पैसा कोणाच्या वाड्यातून आलेला नाही. खताच्या पोत्यावर, सुताराच्या करवतीवर, साबणाच्या वडीवर तुम्ही कर भरता, त्यातून तो आला आहे. मग आपल्याच पैशाचा हिशेब विचारताना मान खाली का घालावी? येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा. उत्तर मिळाले नाही, तर दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बांधलेले आहे. लिहिता येत नसेल त्याला शाळेत जाणाऱ्या पोराने लिहून द्यावे. गावातील एका विधवेचा थकलेला पगार ह्या रीतीने सुटला, तरी कचेरीला कळेल की डोळे आता दोन्ही बाजूंस आहेत.