व्यवहारातील इंग्रजी : ‘पाठवावी’ आणि ‘शुड बी सेंट’

साताऱ्याचा किराणा व्यापारी सांगलीच्या पेढीस लिहितो : ‘हळद सोमवारपर्यंत पाठवावी. बिल सोबत जोडावे.’ कोणी पाठवावी, कोणी जोडावे, हे पत्रात नाही; तरीही अर्थ अडत नाही. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : माल पाठवावा, हळद पाठवावी, बेदाणे पाठवावेत. म्हणजे कर्मणी प्रयोग मराठी व्यापाऱ्याच्या रोजच्या लेखणीतच आहे. इंग्रजीत त्याची घडण तेवढी वेगळी.

इंग्रजीत कॅन, मे, मस्ट, शुड, विल यांपैकी सहायक क्रियापद आधी येते, त्यापुढे ‘बी’ आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप. ‘यू शुड सेंड द टर्मरिक’ याचे कर्मणी रूप ‘द टर्मरिक शुड बी सेंट’. पोते एक असो वा वीस, ‘बी’ बदलत नाही. त्याचे ‘इज’ किंवा ‘आर’ होत नाही. ‘शुड बी सेंड’ ही नेहमी आढळणारी चूक. नकारार्थी ‘नॉट’ सहायक क्रियापदानंतर लगेच येते. ‘पाठवायला हवी होती’ असे म्हणायचे असल्यास ‘शुड हॅव बीन सेंट’.

रचना एकच असली, तरी शब्दागणिक वजन बदलते. ‘मे बी रिटर्न्ड’ म्हणजे माल परत करण्याची मुभा. ‘शुड बी रिटर्न्ड’ म्हणजे अपेक्षा. ‘मस्ट बी रिटर्न्ड’ म्हणजे बंधन. करारातील ‘शल बी पेड’ हेही बंधनच. सही करण्यापूर्वी हा एक शब्द नीट वाचावा.

‘बाय’ या शब्दाकडेही लक्ष असावे. ‘बाय द बायर’ म्हणजे खरेदीदाराकडून. ‘बाय मंडे’ म्हणजे सोमवारपर्यंत. पहिल्यात कर्ता आहे, दुसऱ्यात मुदत.

या प्रयोगाचे सर्वांत परिचित उदाहरण बिलाच्या तळाशी असते : ‘गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक.’ व्याकरण निर्दोष आहे. पण माल कोण परत घेणार नाही, हे वाक्य सांगत नाही. कायदा मात्र ते विचारतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कर्ता वाक्यातून वगळता येतो, व्यवहारातून नाही.

म्हणून सूचना द्यायची तेथे कर्मणी प्रयोग शोभतो. जबाबदारी ठरवायची तेथे कर्त्याचे नाव लिहावे. ‘द फ्रेट मस्ट बी पेड’ एवढ्यावर भाड्याचा वाद उभा राहतो. ‘बाय द बायर’ हे तीन शब्द जोडले की तो मिटतो.

स्वाध्याय : इंग्रजीत लिहा. (१) चेक उद्या वटवता येईल. (२) पोती उघडू नयेत. (३) हिशेब तपासलाच पाहिजे.

उत्तरे : (१) द चेक कॅन बी एन्कॅश्ड टुमॉरो. (२) द बॅग्ज शुड नॉट बी ओपन्ड. (३) द अकाउंट्स मस्ट बी चेक्ड.