भूतखेते आणि आत्मे: पवित्र शास्त्र काय सांगते आणि आपण काय करतो



आम्ही धर्मग्रामातले कॅटेकिस्ट. रोझरीला, आजाऱ्यांना भेटायला, मुलांच्या धर्मशिक्षणाला आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास कानावर येतो. फादरांना विचारायला लोक संकोचतात, म्हणून आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, "भूत असतं का हो? बायबलात काय लिहिलंय?"

हा प्रश्न सहसा नुसत्या कुतूहलातून येत नाही. घरात कोणीतरी रात्ररात्र झोपत नसते, सून एकटीच बोलत बसते, नाहीतर मुलाला फिट येते. शेजारीपाजारी "बाहेरचं दिसतंय, कुणाला तरी दाखवा" असे सांगून गेलेले असतात. म्हणून उत्तर जपून द्यावे लागते. आमचे मत आधीच सांगतो. मेलेली माणसे, दुष्ट आत्मे आणि आजार या तीन गोष्टी पवित्र शास्त्र वेगवेगळ्या ठेवते. आपण मात्र त्या एकाच गाठोड्यात बांधतो, आणि त्याचा त्रास घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला होतो.

पहिली गोष्ट मृतांची. आपल्या भागातली बहुतेक भुते म्हणजे मेलेली माणसेच. अपघातात गेलेला वळणावर दिसतो, बाळंतपणात गेलेली हडळ होते, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा होऊन पिंपळावर बसतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. शास्त्रात असे भटकणारे मृत नाहीत. लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत मनुष्य मेल्यावर विनवणी करतो की लाजराला माझ्या पाच भावांकडे पाठवा, म्हणजे ते सावध होतील. अब्राहाम नकार देतो. मोशे आणि संदेष्टे यांचे वचन त्यांच्याजवळ आहे, तेच त्यांनी ऐकावे, असे तो सांगतो. ज्ञानग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात असल्याचे सांगितले आहे. आपल्या अंत्यविधीत हा पाठ अनेकदा वाचला जातो. जो देवाच्या हातात आहे, तो विहिरीच्या काठावर कसा बसेल?

मृतांना बोलावून विचारण्याची तर मनाईच आहे. लेवीय १९:३१, अनुवाद १८:१०-१२ आणि यशया ८:१९ आपण घरी एकत्र बसून वाचावेत. शौल राजाने ही मनाई मोडली. त्यानेच भूतविद्या जाणणाऱ्यांना देशातून घालवले होते, आणि पलिष्टी चालून आल्यावर तोच वेश पालटून रात्री एन-दोरच्या स्त्रीकडे गेला (१ शमुवेल २८). तिथे खरोखर शमुवेलच आला होता का, यावर जुन्या काळापासून टीकाकारांचे एकमत नाही. शौलाच्या पदरात काय पडले, हे मात्र स्पष्ट आहे. शमुवेल जिवंतपणी जे सांगून गेला होता, तेच त्याला पुन्हा ऐकावे लागले. सोबत उद्याच्या मरणाची बातमी मिळाली. धीराचा एक शब्दही मिळाला नाही.

मग आपण २ नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्त्या का लावतो? कारण मृतांसाठी प्रार्थना करणे वेगळे आणि मृतांना कौल लावणे वेगळे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यहूदाने युद्धात पडलेल्यांसाठी अर्पण पाठवले, ते त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून. त्याने त्यांच्याकडून भविष्य विचारले नाही.

इथे आम्हाला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ज्या घरातला मुलगा बुडून गेला किंवा ज्याने स्वतःचा जीव घेतला, त्या घराविषयी "त्याचा आत्मा अजून तिथंच फिरतो" असे आपण सहज बोलून जातो. ते त्याच्या आईच्या कानावर जाते. आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयीही निराश होऊ नका, त्यांच्यासाठी प्रार्थना करा, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ख्रिस्तसभेने ज्याच्यासाठी आशा सोडलेली नाही, त्याला आपण गप्पांमध्ये भूत करून टाकावे, हे पाप आहे असे आम्हाला वाटते.

दुसरी गोष्ट दुष्ट आत्म्यांची. ते नाहीत, असे शुभवर्तमान म्हणत नाही, म्हणून आम्हीही म्हणणार नाही. पण प्रभू त्यांच्याशी कसा वागला ते पाहा. गरसेकरांच्या प्रदेशातला तो मनुष्य कबरांमध्ये राहत होता. लोकांनी त्याला अनेकदा बेड्या व साखळदंड घातले होते, आणि तो दगडांनी स्वतःला ठेचून घेत होता (मार्क ५). प्रभूने त्याला बांधले नाही, मारले नाही, धूर दिला नाही, त्याच्याकडून काही घेतले नाही. त्याच्या एका आज्ञेने काम झाले. त्यानंतर लोकांना तो कसा दिसला? अंगावर वस्त्र घेतलेला, शुद्धीवर आलेला, शांत बसलेला. आणि प्रभूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांत पाठवले.

हीच कसोटी आम्ही आमच्या लोकांना देतो. ज्या उपायाने माणूस शुद्धीवर येतो, त्याची अब्रू राखली जाते आणि तो आपल्या घरी परततो, तो उपाय प्रभूच्या वाटेवरचा आहे. ज्या उपायात त्याला बांधतात, केस धरून ओढतात, घर कर्जात बुडते आणि शेवटी "करणी शेजारच्या बाईनं केली" असा निकाल लागतो, तो कोणाच्याही नावाने केला तरी प्रभूचा नाही. फिलिप्पै गावातल्या त्या दासीची आठवण ठेवा (प्रेषितांची कृत्ये १६). तिच्यातल्या आत्म्यावर तिचे धनी पैसे कमावत होते. पौलाने तिला मोकळे केले तेव्हा कमाई गेली म्हणून ते चिडले, आणि पौल व सिला यांना फटके खाऊन तुरुंगात जावे लागले. भीतीचा धंदा तेव्हाही चालत होता.

आपल्या घरांतही डोकावू या. गळ्यात क्रूस आणि दंडाला काळा दोरा, दारावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि खाली लिंबू-मिरची, हे चित्र आपल्याला नवे नाही. कोणी विचारतात, "मग फादर पवित्र पाणी शिंपडतात ते काय?" पवित्र पाणी आपल्याला आपल्या बाप्तिस्म्याची आठवण देते आणि त्यासोबत देवाची प्रार्थना असते. तेही उताऱ्यासारखे वापरले, तर आपण प्रार्थना सोडून वस्तूवर विश्वास ठेवू लागतो. स्किवाच्या सात मुलांनी येशूचे नाव असेच मंत्रासारखे वापरून पाहिले आणि घायाळ होऊन उघड्या अंगाने पळाले (प्रेषितांची कृत्ये १९).

तिसरी गोष्ट आजाराची, आणि सर्वांत जास्त नुकसान इथे होते. मत्तय ४:२४ मध्ये प्रभूकडे आणलेल्यांत भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही फरक माहीत होता. त्याच मत्तयाच्या सतराव्या अध्यायात एका फेफरेकरी मुलातून प्रभूने भूत काढले, हे खरे आहे. त्यावरून काहीजण प्रत्येक फिट म्हणजे भूतच असे ठरवतात. पण त्या एका मुलाविषयी प्रभूने जे ओळखले, ते प्रत्येक मुलाविषयी ओळखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मार्कने हीच घटना सांगताना एक बारीकसा तपशील दिला आहे. याला हे कधीपासून होते, असे प्रभूने आधी बापाला विचारले. आपण मात्र काही न विचारताच निदान करून मोकळे होतो.

ख्रिस्तसभेचा नियम इथे अगदी कडक आहे. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १६७३ व्या परिच्छेदानुसार भूत काढण्याचा गंभीर विधी बिशपांच्या परवानगीने धर्मगुरूच करू शकतात, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना याची खात्री करणे आवश्यक आहे. मानसिक आजारावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. बेन सिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय तर वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण वैद्यही देवानेच दिला आणि औषधे जमिनीतून देवानेच उगवली. तरीही काही प्रार्थनासभांत "गोळ्या खाणे म्हणजे अविश्वास" असे सांगितले जाते. फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर झटके वाढतात, प्रसंगी जीवही जातो. अशा वेळी "विश्वास कमी पडला" असे त्या घराला सांगणे ही क्रूरता आहे.

कायद्याचेही बोलू. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, कर्नाटकात २०१७ साली. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा गुन्हा आहे. आम्हा बेळगावकडच्या लोकांना मानसिक आरोग्याची सरकारी संस्था धारवाडला आहे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

तेव्हा घरात असा प्रसंग आला तर आधी डॉक्टरांकडे जा आणि सुरू असलेली औषधे त्यांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नका. त्याच दिवशी फादरांनाही कळवा आणि आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करा. प्रार्थना आणि गोळी यांचे भांडण नाही. शेजाऱ्यांना आमची विनंती आहे की नाव सुचवायला जाऊ नका, जेवणाचा डबा घेऊन जा.

शेवटी एक आठवण. सरोवरावरून चालत येणारा प्रभू दिसला तेव्हा शिष्यांना तो भूत वाटला. पुनरुत्थानानंतर तो मध्ये उभा राहिला तेव्हाही त्यांना तसेच वाटले, आणि त्याने हातपाय दाखवून, त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाऊन त्यांची भीती घालवली (लूक २४). घाबरलेल्या माणसाला प्रभूही ओळखू येत नाही. म्हणून भीतीला घरात बसायला जागा देऊ नका.

हे प्रभू येशू, आमच्या घरांतली भीती दूर कर, आमच्या आजाऱ्यांना आराम दे, आमच्या मृतांना तुझ्याजवळ ठेव, आणि दुबळ्यांवर बोट दाखवण्यापासून आम्हाला आवर. आमेन.